दोन्ही नावांना ओ देणारं दार

जगदेव काकांनी कोथिंबिरीची जुडी पंपघरातल्या कीबोर्डवर आणून ठेवली. टेबलावर जागा होती, बाजूची खुर्चीही रिकामी होती. तरी त्यांनी ती नेमकी कीबोर्डवरच ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. जुडीनं माना टाकल्या होत्या.

"पाह्य," ते म्हणाले. "हे वरच्या अंगाची हाय. खालच्या अंगाची तुह्या घरी असंन, हिरवीगार. दोनी शेजारी ठेव अन् फोटो काढ."

"काका, मी कालपासून तेच शोधून राह्यली," साधना म्हणाली.

"शोधून सापडत नाही म्हंजे दोन गोष्टी असतात, सूनबाई. एक तं मानसाले शोधता येत नसते. नाही तं त्यानंच लपवलं असते."

साधनानं जुडी उचलली, पाण्याच्या बाटलीत उभी केली. देठ वाळले होते, पण वास अजून जिता होता. काका दारापर्यंत गेले आणि वळले.

"अन् नवऱ्याले एकडाव विचार. परवा फाट्यावर कोन आलतं ते. त्याच्या ओळखीपाळखी तुले म्हाईत हायेत काय साऱ्या?"

"कोन आलतं?"

"त्याले विचार म्हटलं ना." ते बांधावरून निघून गेले. चालताना दोनदा मागं वळून पाहिलं, आपण गेल्यावर ही काही बटण दाबते की काय म्हणून.

मेडशीच्या पुढं, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून उतारावर ही बाग पसरली होती. बाग म्हणजे एकाची नव्हे. बावीस-पंचवीस घरांचे भाजीपाल्याचे तुकडे, सगळ्यांची मिळून एक विहीर आणि विहिरीवर पंपघर. फाट्याकडचे तुकडे ते वरचं अंग, नाल्याकडचे ते खालचं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला ठिबकचा व्हॉल, आणि व्हॉलवर एक पेटी. पंपघरात एक जुना कॉम्प्युटर. पेटीनं विचारायचं, "माझी पाळी आली का?" कॉम्प्युटरनं सांगायचं, "आली." मग व्हॉल उघडायचा. उत्तर आलं नाही, तर पेटी आधी साठवलेल्या पाळ्यांवर चालायची, आणि त्या संपल्या की व्हॉल मिटून बसायची. पाणी वाया जाऊ नये म्हणून तिला तसंच शिकवलं होतं.

हाच कॉम्प्युटर दारही होता. त्याच्या पाठीला दोन कार्डं, प्रत्येकाला एक तार. एक बागेकडं जाणारी, दुसरी बाहेरच्या इंटरनेटकडं. आतलं बाहेर, बाहेरचं आत, जे जाईल ते त्याच्यातून. कागदावर त्याला गेटवे म्हणत. साधनाची सासू गिरजाबाई त्याला वेस म्हणायची, आणि तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की साधनाला वाटायचं, हेच त्याचं खरं नाव.

वेशीची किल्ली साधनाकडं होती. मानोऱ्याला आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकलेली सून गावात आली, तेव्हा गटाचे अध्यक्ष हिरालाल भाऊंनी ती तिच्या हातात ठेवली होती. घरात तिचं असं फार काही नव्हतं. कपाट सासूचं, शेत सासऱ्यांच्या नावचं, मोटारसायकल नवऱ्याची, दिनेशची. पंपघराची ती पितळी किल्ली मात्र तिच्या कमरेला असायची, चालताना वाजायची, आणि बाया म्हणायच्या, आली वेशीची राखनदारीन.

आता वरच्या अंगाचे व्हॉल मिटले होते आणि खालच्या अंगाचे उघडत होते. साधनाचं शेत खालच्या अंगाला होतं. हिरालाल भाऊंनी निरोप धाडला होता: उद्या दुपारी पंपघरापुढं बसू, तोवर पाणी आलं तर ठीक, नाही तर किल्ली द्यावी लागेल. निरोपात शब्द मऊ होते. पण चोरी सिद्ध न करता किल्ली काढून घेतली की चोरीच सिद्ध होते, हे तिला कळत होतं.

काका गेल्यावर ती पुन्हा पडद्यासमोर बसली.

नंबर कसे वाचायचे, हे तिनं सगळ्यांना सोपं करून सांगितलं होतं. पुढचे आकडे म्हणजे आडनाव, शेवटचा आकडा म्हणजे नाव. बागेतल्या सगळ्या यंत्रांचं आडनाव आधी 'एक' होतं. वेशीचा कॉम्प्युटर एक-पाच. काकांची पेटी एक-एकवीस. मग दिवाळीनंतर इंटरनेटची नवी लाइन आली, आणि त्या लाइनीच्या यंत्राचंही आडनाव 'एक'च निघालं. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच आडनावाची माणसं. कोणाचा निरोप कोणाकडं द्यावा, दाराला कळेना. म्हणून अकोल्याहून मेकॅनिक आला. त्यानं बागेच्या बाजूचं आडनाव बदलून 'दहा' केलं. वेस झाली दहा-पाच. मग तो पेट्यांमध्ये नवी नावं भरायला तुकड्यातुकड्यानं फिरला, परत येऊन "सब हो गया" म्हणाला आणि गेला. पेट्यांच्या पोटात आठवड्याभराच्या पाळ्या साठलेल्या असतात. आठवडाभर पाणी नीट चाललं. त्यामुळं त्या मेकॅनिकचा विचार कोणाच्या मनात आला नाही. साधनानं तरी त्याला फोन लावून पाहिला होता. फोन लागत नव्हता.

तिनं वरच्या पेट्यांना नव्या नावानं हाका मारल्या. दहा-एकवीस. दहा-बावीस. कोणी ओ देईना.

मग तिनं तारेवरून काय काय जातं ते नुसतं ऐकायला सुरुवात केली. तसा एक हुकूम असतो. तो दिला की यंत्रांचं आपसातलं बोलणं पडद्यावर ओळीओळीनं उतरतं. आणि खालच्या अंगाच्या सरळ, शहाण्या बोलण्यात मधूनच एक ओळ यायची.

एक-पाच कोण आहे? सांगा एक-एकवीसला.

थोड्या वेळानं पुन्हा. एक-पाच कोण आहे?

उत्तर कोणी देत नव्हतं. एक-पाच आता कोणी नव्हतंच.

वेशीचं जुनं नाव घेऊन कोणीतरी दार वाजवत होतं. बाहेरच्या लाइनीचं आडनावही 'एक'च. म्हणजे बाहेरचं कोणी तार जोडून आत घुसू पाहत असणार. आणि विचारणारा स्वतःला एक-एकवीस म्हणवत होता, म्हणजे काकांच्या पेटीचं जुनं नाव पांघरून आला होता. चोर शहाणा असला की ओळखीचंच आडनाव लावून येतो. पण वेशीचं जुनं नाव त्याला सांगितलं कोणी? ते नाव तिला ठाऊक होतं, मेकॅनिकला ठाऊक होतं, आणि दिनेशला. पहिल्यांदा तारा ओढल्या तेव्हा खांबावर चढून दिनेशनंच तर गाठी मारल्या होत्या.

फाट्यावर कोण आलं होतं?

संध्याकाळी दिनेश ओसरीत वांगी निवडत होता. सकाळच्या गाडीनं वाशीमला न्यायची होती. गिरजाबाई भिंतीला टेकून मेथीच्या जुड्या बांधत होती. साधना पाणी प्यायली, तांब्या पालथा ठेवला, पुन्हा सरळ ठेवला.

"तुमी पंपघरात गेलते काय एवढ्यात?"

"मी कायले जातो? किल्ली तुह्याकडं हाय."

"तसं नाही. तारेले हात लावला काय, वरच्या अंगाले?"

दिनेशनं हातातलं वांगं फिरवून पाहिलं. कीड होती. बाजूला टाकलं.

"जगद्या काकानं भरवून देलं वाटते," तो म्हणाला.

"परवा फाट्यावर कोन आलतं तुमच्या ओळखीचं?"

"माह्या ओळखीचं? कोनी नाही."

"काका म्हनत होते."

"काका तं हेही म्हनते का त्याची म्हैस आपल्या बोरीखाली बसली म्हनून आटली." तो हसला नाही. "साधना, वरच्या अंगाचं पानी म्या तोडलं, असं तुले वाटून राह्यलं काय? खरं सांग."

ती गप्प राहिली. गप्प राहणं हेही उत्तर असतं, हे तिला बोलायला उशीर झाल्यावर कळलं. दिनेश उठला, क्रेटवर गोणपाट टाकलं आणि हात न धुताच बाहेर गेला.

गिरजाबाईनं सगळं ऐकलं होतं. जुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता तिनं जात्यावरच्या चालीवर हलकेच काही धरलं, जसं ती घरात ताण असला की धरायची.

माह्या माहेराचं नाव, बाई, खुंटीले टांगलं
दारातून आली हाक, कोनी नाही ओळखलं

साधनाचं तिकडं लक्ष नव्हतं. ती दाराकडं पाहत होती, नवरा गेला त्या दिशेला, आणि मनात त्याच्या चपलांचे आवाज मोजूनमापून तपासत होती: वरच्या अंगाला वळला की चौकात गेला? आपल्याच माणसाची पावलं अशी ऐकावी लागतात, याचं तिला वाईट वाटलं. तरी ती ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंपघरापुढच्या लिंबाखाली माणसं जमली. वरचं अंग एका बाजूला, खालचं अंग दुसऱ्या, मधे विहिरीचा कठडा. हिरालाल भाऊ कठड्यावर बसले. गिरजाबाई डोक्यावर पदर ओढून पंपघराच्या पायरीवर. दिनेश मागं, मोटारसायकलला टेकून. तो सकाळपासून बायकोशी बोलला नव्हता.

"सापडलं काय, साधना?" हिरालाल भाऊंनी विचारलं.

"कोनीतरी जुन्या नावानं दार वाजवून राह्यलं, भाऊ. आतून का बाहेरून, ते समजत नाही."

"कोनीतरी," जगदेव काका म्हणाले. "हे कोनीतरी मोठं गुनाचं असते. दिसत नाही, सापडत नाही, अन् पानी बरोबर आमचंच तोडते."

वरच्या अंगात हशा पिकला.

"माह्यं म्हननं सरळ हाय," काका पुढं सरकले. "किल्ली घ्या. अन् मले हे बोलायचं नव्हतं, पन आता बोलतो. हे घरच सरळ नाही. दिनेश, सांग सगळ्यायसमोर. रंजीता कोन हाय?"

दिनेश मोटारसायकलवरून सरळ झाला. "कोन?"

"पाहा, कसा चपापला. त्या दिवशी फाट्यावर एक मानूस उतरला. हातात थैली, डोक्याले रुमाल. मले म्हनते, दिनेशच्या घरची रंजीता कोठं राह्यते? म्या म्हटलं, दिनेशच्या घरी साधना हाय, रंजीता कोनी नाही. तं म्हनते, हाय, रंजीताच हाय, मले पक्कं म्हाईत हाय. मंग म्या त्याले आल्या गाडीनं वापस धाडलं. मले गावाची अब्रू हाय. पन तुमी इचारा आता ह्याले, हे दुसरी बाई कोन ठेवली यानं?"

दिनेश मोटारसायकल सोडून पुढं आला. आणि पायरीवरून गिरजाबाईचा आवाज आला.

"रंजीता घरीच हाय, जगदेवभाऊ. तुमच्यासमोर उभी हाय."

"कोठं?"

"हे काय. हे माही सून. लग्नात याच दिनेशनं ताटातल्या तांदळावर बोटानं 'साधना' लिहिलं, तवापासून साधना. त्याच्या अगुदर ते रंजीताच होती. माहेरचं नाव हाय तिचं." तिनं पदर सावरला. "तुमच्या घरचीलेबी तुमी दुसरंच नाव ठेवलं होतं. आठोते काय पहिलं?"

कोणीतरी खाकरलं. पुन्हा हशा पिकला, पण यावेळी खालच्या अंगात. काकांचा चेहरा लाल झाला.

"मंग तिनं सांगाव ना, दोन नावं हायेत म्हनून," ते म्हणाले. "आमाले काय सपन पडते? वाशीमच्या कोर्टात माही केस चालू हाय. तिथच्या बोर्डावर पाह्यतो मी. ज्याच्या नावापुढं उर्फ लागलं, तो मानूस सरळ नसते."

साधनाला यातलं अर्धंच ऐकू आलं. रंजीता. त्या नावानं तिला कोणी हाक मारून कितीतरी वर्षं झाली होती. थैली, डोक्याला रुमाल. म्हणजे मानोऱ्याकडचा इंद्रभान मामा. तो तिला दुसऱ्या कोणत्या नावानं ओळखतच नव्हता. आणि ती, स्वतः ती, काल संध्याकाळपासून त्या माणसाला चोर समजत होती, नवऱ्याचा साथीदार समजत होती.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "त्यो मानूस नेमकं काय म्हनला? त्याचे शब्द सांगा."

"शब्द काय? हेच. रंजीता कोन हाय? तिले म्हना, इंद्रभानले येऊन सांग."

रंजीता कोण आहे? सांगा इंद्रभानला.

एक-पाच कोण आहे? सांगा एक-एकवीसला.

ती किल्ली मुठीत धरून पंपघरात शिरली. माणसं एकमेकांकडं पाहू लागली. "पळाली," कोणीतरी म्हणालं. पण ती खुर्ची ओढत दाराशी परत आली.

"काका, आत या. तुमीच बसा इथं. मी एकटी काही करनार नाही. केलं अन् पानी आलं, तं तुमी म्हनसान, हिनंच तोडलं होतं अन् हिनंच जोडलं."

"म्हननारच होतो," काका म्हणाले आणि खुर्चीवर बसले. हिरालाल भाऊ त्यांच्या मागं उभे राहिले.

"अकोल्याचा मेकॅनिक आलता, त्यानं तुमच्या पेट्या उघडल्या होत्या काय?"

काकांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाचपला.

"काका?"

"कुलपं लावली होती म्या," ते हळू म्हणाले. "वरच्या अंगाच्या साऱ्या पेट्याईले. अनोळखी मानूस. डब्यात हात घालते म्हंजे? आतलं काय काढून नेईन, काय टाकून जाईन. म्या म्हटलं, बाबा, झालं म्हनून सांग अन् जाय. अध्यक्षाले सांगितलं तं लोकं हसतीन म्हनून गप राह्यलो."

हिरालाल भाऊंनी कपाळाला हात लावला. साधना हसली नाही. हसायची वेळ होती, बाहेर सगळे कान टवकारून उभे होते. पण तिला काल दिनेशला विचारलेले प्रश्न आठवले आणि हसू आलं नाही.

"मंग चोर कोनीच नाही," ती म्हणाली. "ह्या तुमच्याच पेट्या हायेत. याईले कोनी सांगितलंच नाही, का वेशीचं नाव बदललं. बिचाऱ्या जुन्या नावानंच हाका मारून राह्यल्या. अन् वेस म्हनते, त्या नावाचं इथं कोनी नाही."

पडद्यावर ओळ आली. एक-पाच कोण आहे? सांगा एक-एकवीसला. काकांनी ती ओठ हलवत वाचली. स्वतःच्या पेटीचा नंबर त्यांना पाठ होता. लाल रंगानं त्यांनीच तो झाकणावर लिहिला होता.

"मंग आता कुलपं काढाव लागतीन," ते म्हणाले, आणि त्या म्हणण्यात सगळ्या गावासमोर किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरण्याची लाज होती.

"नाही. राहू द्या कुलपं. पेट्याईले नवं नाव शिकवन्यापरीस वेशीलेच जुनं नाव वापस देऊ. नवं बी राहीन, जुनं बी. कार्ड एकच, नावं दोन."

तिनं एक ओळ लिहिली. बागेकडच्या कार्डाच्या नावापुढं दोन टिंबं, मग एक आकडा, मग जुना नंबर.

"याले एलियास म्हनतात," ती म्हणाली.

"म्हंजे?"

हिरालाल भाऊ मागून म्हणाले, "उर्फ."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, मग साधनाकडं. "मले बसवून माह्याच हातानं उर्फ लावून राह्यली."

"बटन दाबा, काका."

त्यांनी एका बोटानं, विस्तवावरची भाकर उलटावी तसं, एंटर दाबलं. दिनेश न सांगता वरच्या अंगाला गेला होता. त्याचा कॉल हिरालाल भाऊंच्या फोनवर चालू होता; भाऊंनीच विचारलं.

"आलं काय?"

"काही नाही," दिनेशचा आवाज आला. "व्हॉल बंद हाय."

बाहेरून कुजबूज आली. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "नाटक हाय." काकांची पाठ ताठ झाली. साधनानं पडद्याकडं पाहिलं. हाक आली होती. वेशीनं ती ऐकलीही होती. उत्तर निघालं होतं. मग गेलं कुठं?

तिनं दुसऱ्या तारेवर कान लावला, बाहेरच्या. आणि उत्तर तिथं सापडलं. एक-एकवीससाठीचा निरोप इंटरनेटच्या लाइनीवर जाऊन एकटा उभा होता.

"समजलं," ती म्हणाली. "ओ देली, पन तोंड फाट्याकडं करून देली. वेशीले वाटते, 'एक' आडनावाचे सारे बाहेर राह्यतात. नव्या लाइनीचं आडनाव तेच हाय ना. पेटी आवाज देते मांगून अन् हे सांगून राह्यली पुढं."

"मंग?"

"वाट सांगाव लागंन तिले. का बाई, एकवीस नंबर 'एक' आडनावाचा असला तरी त्यो आपल्या बागेतलाच हाय. त्याले उत्तर मांगच्या दारानं दे. एकेकाचं नाव घेऊन सांगाव लागंन. तुमी नंबर बोला."

काका बोलले. कागद लागला नाही. एकवीस, ते म्हणाले, आणि तिनं वाट लिहिली. बावीस, तो माह्या भावाचा. तेवीस, माह्या विधवा बहिनीचा, तिच्या टमाट्याले फुलं हायेत. प्रत्येक आकड्यामागं त्यांच्या आवाजात एक वाफा उघडत होता, पाणी मागणारा. साधनाला वाटलं, या माणसानं कुलपं लावली ती काही उगाच नव्हेत; ज्याला एवढं पाठ आहे, त्याला भीतीही तेवढीच असणार.

शेवटचा नंबर झाला. काकांनी बटण दाबलं.

फोनमधून आधी नुसता वारा ऐकू आला. मग फुसकारल्यासारखा आवाज, नळ्यांतली हवा बाहेर पडताना येतो तसा. मग दिनेश.

"आलं," तो म्हणाला. थोडा थांबून म्हणाला, "साधनाले सांगा, आलं."

बाहेर वरचं अंग उठून उताराकडं निघालंही होतं. काका मात्र खुर्चीवरून उठले नाहीत.

"लाइट गेली तं?" त्यांनी विचारलं. "हे इसरते काय?"

"इसरते. म्हनून आता लिहून ठेवते, चालू झालं का आपोआप दोनी नावं घेईन अन् वाटाही." तिनं ती ओळ सुरुवातीच्या फाइलीत घातली. काका प्रत्येक अक्षर पाहत होते.

"माह्यासमोर एकडाव बंद करून चालू कर."

तिनं केलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. दोन्ही नावं होती.

"अन् हे उर्फ कवापर्यंत ठेवशीन?"

"जोवर जुन्या नावानं हाक मारनारं कोनी हाय तोवर."

काकांनी तिच्याकडं निरखून पाहिलं, या वाक्यात काही खोच आहे का ते तपासत. मग उठले. हिरालाल भाऊंनी किल्लीचा विषय काढला नाही; ती साधनाच्या मुठीत होती, तिथंच राहिली. बाटलीतल्या कोथिंबिरीकडं काकांचं लक्ष गेलं. तिनं रात्रीतून माना थोड्या वर उचलल्या होत्या.

"हे माही हाय," ते म्हणाले आणि जुडी घेऊन गेले.

संध्याकाळी दिनेश घरी आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. साधनानं पाणी ओतलं. तो पाय धूत राहिला.

"मले वाटलं होतं, तुमीच," ती म्हणाली.

"म्हाईत हाय." त्यानं दुसरा पाय पुढं केला. "मलेबी आज दुपारी एक मिनिट वाटलं, हे रंजीता खरंच कोन हाय बापा. लग्नाच्या पत्रिकेवर पाह्यलं होतं तुह्यं जुनं नाव, पन इसरून गेलतो." मग पाय पुसत म्हणाला, "मामाले फोन लाव."

मामाचा फोन नाल्यात पडला होता, म्हणून तर तो न कळवता आला होता. शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं इंद्रभान मामा फाट्यावर उतरला. तीच थैली, तोच रुमाल. समोर बांधावर जगदेव काका. दोघंही थांबले. साधना पंपघराच्या दारातून हे पाहत होती. एवढ्या दुरून शब्द नीट येत नव्हते, पण उतारावरून वारा इकडंच होता.

"आता कोन पाह्यजे?" काकांनी विचारलं.

"तेच. रंजीता."

"उर्फ?"

"उर्फ काय?"

"साधना. पूर्न नाव घेत जा, पाहुने. मानसाचा गैरसमज होते." काकांनी थैलीकडं बोट केलं. "यात काय हाय ते आधी दाखवा."

मामानं थैली उघडली. वरून दिसलं ते पिवळ्या अक्षतांचं पुडकं. पोरीच्या लग्नाचं बोलावणं. काकांनी त्यात वाकून पाहिलं, पुडकं दोन बोटांनी चाचपलं, खाली आणखी काही आहे का तेही पाहिलं, आणि मगच बाजूला होऊन वाट दाखवली.

"साधना," त्यांनी उतारावरून आवाज दिला. "पाहुने आले तुह्ये."

त्याच श्वासात मामाचा आवाज आला, पातळ, म्हातारा, माहेरच्या अंगणातला.

"रंजीता, अव रंजीता."

"ओ," ती म्हणाली आणि बांधावरून निघाली. वेशीची किल्ली कमरेला वाजत होती. तिची ओ दोघांपैकी कोणाला होती, हे विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. पण वाटेत दोन्हीकडच्या वाफ्यांत पाणी चाललेलं तिनं पाहिलं.